दुसरी खेप

रक्तदाब वाढला आहे हे कळायला दवाखान्याच्या एक-दोन खेपा पुरतात. तो आटोक्यात ठेवायला मात्र आयुष्यभर खेपा घालाव्या लागतात. मधुमेहाचे तेच, दम्याचे तेच, फेफऱ्याचेही तेच. आपली प्राथमिक आरोग्य केंद्रे ज्या काळात आखली गेली, त्या काळात रोग्याशी असलेले नाते बहुधा एका केसपेपरापुरते होते. ताप आला, गोळ्या नेल्या, संपले. बाळाला लस टोचली, कार्डावर खूण केली, झाले. गरोदर बाईच्या तपासण्या अनेक असल्या तरी त्यांचा शेवट ठरलेला असे. १९४६ साली भोर समितीने खेड्यापर्यंत सरकारी वैद्यकसेवा नेण्याचा आराखडा मांडला आणि १९५२ पासून केंद्रे उभी राहू लागली, तेव्हा समोरचे शत्रू हिवताप, देवी, कॉलरा आणि बाळंतपणातले मृत्यू हे होते. शत्रू बदलला, मोर्चेबांधणी मात्र बरीचशी तीच राहिली. या प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की, प्राथमिक आरोग्यसेवेतील सुधारणा खरी की कागदी हे ओळखण्याची कसोटी म्हणजे रोग्याची दुसरी खेप. नवी इमारत, नवा रंग आणि नवी पाटी यांनी पहिली खेप घडते. दुसरी घडवायची तर वेळ, माणसे, औषध आणि उत्तरदायित्व या चारही गोष्टी बरोबरीने बदलाव्या लागतात. एक मागे राहिली की उरलेल्या तिन्हींवरचा खर्च पाण्यात जातो.

हे तपासण्यासाठी केरळ हे राज्य चांगले, कारण तिथे सुधारणेची गरजच काय असा प्रश्न कोणालाही पडावा. १९८५ साली रॉकफेलर फाउंडेशनने कमी खर्चात चांगले आरोग्य साधलेल्या प्रदेशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चीन, श्रीलंका आणि कोस्टारिका या देशांच्या पंगतीला केरळ हे एकटे भारतीय राज्य बसले होते. बालमृत्यू कमी, आयुर्मान जास्त, मुली शिकलेल्या, अशी त्याची ख्याती. पण लहानपणी न मेलेली माणसे म्हातारी होतात आणि म्हातारपण आपले आजार घेऊन येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष पाहिले तर प्रौढांमधील मधुमेहाचे प्रमाण केरळात २५.५ टक्के, म्हणजे चारांत एक. त्याच्याही वर गोवा आहे, २६.४ टक्क्यांवर. म्हणजे जन्माच्या वेळचे मरण ज्यांनी आधी हटवले, त्यांच्याच दारात दीर्घ आजार आधी येऊन बसले. आणि हे आजार सांभाळायला लोक सरकारी केंद्रात जात नव्हते. खासगी दवाखान्यांचे जाळे दाट, औषधांची दुकाने हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आरोग्यावरच्या एकूण खर्चापैकी दोन तृतीयांशाच्या आसपास पैसा लोकांच्याच खिशातून जात होता. चांगल्या आरोग्याचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि औषधांची बिले पिशवीत, अशी ही स्थिती होती.

याच पार्श्वभूमीवर २०१७ च्या फेब्रुवारीत केरळ सरकारने ‘आर्द्रम’ नावाचे अभियान सुरू केले. मोठ्या रुग्णालयांतील गर्दीला शिस्त लावणे हा त्याचा एक भाग होता. पण त्याचा गाभा होता प्राथमिक आरोग्य केंद्रांचे ‘कुटुंब आरोग्य केंद्रां’त रूपांतर. पहिल्या टप्प्यात १७० केंद्रे निवडली गेली, पुढच्या टप्प्यांत ही संख्या कित्येक पटींनी वाढवायचे ठरले. पूर्वी अनेक केंद्रांत एकच वैद्यकीय अधिकारी असायचा आणि दुपारी ओपीडी आटोपायची. नव्या रचनेत तीन डॉक्टर, चार परिचारिका, प्रयोगशाळा आणि औषधनिर्माता असावा, ओपीडी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालावी, रोगी डॉक्टरकडे जाण्यापूर्वी परिचारिकेने त्याचा रक्तदाब, वजन, तक्रार नोंदवून त्याच्याशी बोलावे, असे ठरले. वाचताना हे फार साधे वाटते. परंतु या यादीतला प्रत्येक मुद्दा दुसऱ्या खेपेच्या वाटेतला एकेक दगड उचलतो.

आधी वेळेचा दगड. दुपारी बंद होणारा सरकारी दवाखाना हा नकळत ठरावीक लोकांसाठीच उघडा असतो: म्हातारी माणसे, घरी असणाऱ्या बायका, कामाचा खाडा परवडणारे लोक. रोजंदारीवर जाणारा माणूस आजारी पडला तर एक दिवस बुडवून येईलही. पण ज्याला बरे वाटते आहे, काहीच दुखत नाही, फक्त बीपीच्या गोळ्या संपल्या आहेत, तो महिन्याला एक रोज बुडवणार नाही. दीर्घ आजारांत माणूस बहुतेक काळ ठणठणीत असतो हीच मोठी अडचण आहे. दुखणे त्याला दवाखान्यात ओढून आणत नाही, म्हणून दवाखान्यालाच त्याच्या दिनक्रमात शिरावे लागते. हे मुंबईलाही कळले आहे. महापालिकेने २०२२ पासून सुरू केलेले ‘आपला दवाखाना’ रात्री दहापर्यंत उघडे ठेवण्यामागे हाच हिशेब होता. महाराष्ट्रातल्या ग्रामीण केंद्रांना सकाळ-संध्याकाळ अशा दोन सत्रांची पद्धत अनोळखी नाही. पण संध्याकाळच्या सत्राला खुर्चीत माणूस असणे हे वेळापत्रकापेक्षा मनुष्यबळावर अवलंबून असते.

नेमक्या याच सांध्यावर केरळात ठिणगी पडली. एप्रिल २०१८ मध्ये सरकारी डॉक्टरांच्या संघटनेने संप पुकारला. निमित्त होते पालक्काड जिल्ह्यातील एका केंद्रात संध्याकाळच्या ओपीडीवरून झालेल्या निलंबनाचे. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की, तीन डॉक्टरांची योजना कागदावर आहे आणि संध्याकाळची ओपीडी मात्र आत्ताच, आहे त्या माणसांत चालवायला सांगितली जात आहे. सरकारने कडक भूमिका घेतली आणि संप काही दिवसांत मागे घेतला गेला. या संघर्षाकडे ‘कामचुकार डॉक्टर विरुद्ध लोकाभिमुख सरकार’ असे पाहणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. प्राथमिक केंद्रातला वैद्यकीय अधिकारी फक्त रोगी तपासत नाही. तो पंचायतीच्या बैठकांना जातो, साथरोगाचे अहवाल पाठवतो, लसीकरणाच्या सत्रांवर नजर ठेवतो. ओपीडीचे तास वाढवले की ही कामे कमी होत नाहीत. संपातून जो धडा निघतो तो क्रमाचा आहे. माणसे आधी आणि वेळ नंतर वाढवली तर सुधारणा होते; वेळ आधी वाढवून माणसे ‘यथावकाश’ देऊ म्हटले तर सुधारणा कर्मचाऱ्यांच्या अंगावर येते आणि पहिला फटका रोग्याशी बोलण्याच्या दोन मिनिटांना बसतो.

माणसांचा प्रश्न डॉक्टरांच्या संख्येवर संपत नाही. रोग्याला परत यावेसे वाटते ते त्याला कोणीतरी ओळखत असेल तर. डॉक्टर बदलीवर जातो, बंधपत्राचे वर्ष संपले की शहरात परततो. आरोग्यसेविका आणि परिचारिका मात्र त्याच भागात वर्षानुवर्षे असतात. म्हणून परिचारिकेने आधी तपासून, बोलून मग डॉक्टरकडे पाठवण्याची पद्धत ही केवळ रांग लवकर हलवण्याची युक्ती नाही. डॉक्टरची तीन मिनिटे निदानाला मिळतात आणि ‘गोळ्या रोज घेता का, मीठ कमी केले का, सकाळची गोळी का चुकली’ हे बोलणे ज्याला जमते त्याच्याकडे जाते. केरळाने उपकेंद्रांनाही याच साखळीत घेतले आणि त्यांना लोकांचे आरोग्य केंद्र म्हणून घडवायला सुरुवात केली, म्हणजे बीपी मोजायला आणि गोळ्या न्यायला मुख्य केंद्रापर्यंतही जावे लागू नये. डॉक्टरवाचून दवाखाना कसला, असा आक्षेप इथे घेतला जातो. पण ज्याचा आजार ठरला आहे, औषध ठरले आहे आणि आकडा मर्यादेत आहे, त्याला दर महिन्याला डॉक्टरच पाहिजे हा आग्रह खर्चिकही आहे आणि निरुपयोगीही. डॉक्टर हवा तो आकडा मर्यादेबाहेर गेला तेव्हा. आणि तो गेला हे कळण्यासाठी आधी कोणीतरी तो नियमित मोजायला हवा.

तिसरी गोष्ट औषधाची. ‘ही गोळी इथे नाही, बाहेरून घ्या’ या एका चिठ्ठीने सरकारी केंद्रावरचा विश्वास जितका उडतो तितका तुटक्या खुर्चीने उडत नाही. ज्याला गोळी बाहेरूनच घ्यायची आहे, तो पुढच्या महिन्यात केंद्राला वळसा घालून थेट दुकानात जातो, आणि हात आखडला की दुकानातही जात नाही. म्हणून औषधखरेदी ही मंत्रालयातली कंटाळवाणी बाब न मानता सुधारणेचा कणा मानली पाहिजे. तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून जेनेरिक औषधांची एकत्रित खरेदी, जिल्हा गोदामे, प्रत्येक संस्थेचे खातेपुस्तक आणि गुणवत्तेची तपासणी अशी पद्धत बसवली. इतर अनेक राज्यांनी तिचे अनुकरण केले. केरळाचे महामंडळ २००८ पासून काम करू लागले. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ही खरेदी हाफकिन महामंडळाकडे सोपवली आणि २०२३ मध्ये कायदा करून स्वतंत्र खरेदी प्राधिकरण स्थापले. संस्था कोणती हा प्रश्न दुय्यम आहे. मुख्य प्रश्न असा की, केंद्राने मागणी नोंदवल्यापासून गोळ्या कपाटात येईपर्यंत किती दिवस जातात आणि हा आकडा कोणाच्या टेबलावर दर आठवड्याला असतो.

वेळ, माणूस आणि औषध एकत्र आले की काय होते, याचा पडताळा पाहायला केरळाबाहेर, खुद्द महाराष्ट्रात यावे लागते. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या अखेरीस पाच राज्यांतील पंचवीस जिल्ह्यांत सुरू झाला. त्यात पंजाब, मध्य प्रदेश, तेलंगणा आणि केरळ यांच्या जोडीला महाराष्ट्र होता, आणि महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. उपक्रमात चमकदार असे काहीच नव्हते. राज्यासाठी औषधांचा एकच ठरलेला क्रम, कोणती गोळी पहिली आणि आकडा न उतरल्यास कोणती दुसरी. एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या. प्रत्येक रोग्याची नोंद. न आलेल्याला निरोप किंवा फोन. आणि शक्य तिथे उपकेंद्रावरच पुढच्या गोळ्या. निष्कर्षांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण मोठ्या रुग्णालयांपेक्षा प्राथमिक स्तरावरच्या केंद्रांत जास्त निघाले. रुग्णालयात जास्त गुंतागुंतीचे रोगी येतात हा त्यातला एक भाग मान्य केला, तरी जिथे तज्ज्ञ कमी तिथे निकाल चांगला, हे आपल्या समजुतीला धक्का देणारे आहे. अशा आजारात निकाल ठरतो तो सातत्याने, आणि सातत्य घराजवळ स्वस्त पडते.

या उपक्रमाने मोजमापाची जी पद्धत वापरली ती मात्र नवी नव्हती. ती क्षयरोगाच्या कार्यक्रमाकडून आली. क्षयाचे औषध महिनोन्‌महिने घ्यावे लागते, म्हणून त्या कार्यक्रमाने फार पूर्वी एक शिस्त लावून घेतली: एका तिमाहीत नोंदलेले सगळे रोगी एक गट मानायचे आणि काही महिन्यांनी त्या गटातील प्रत्येकाचे काय झाले, बरा झाला, उपचार सोडला, की दगावला, हे सांगायचे. कोणालाही हिशेबातून गळू द्यायचे नाही. सरकारी आरोग्यसेवेत ‘परत न आलेला माणूस’ रजिस्टरात दिसतो तो मुख्यतः इथे. एरवीच्या ओपीडी नोंदीत महिन्याला हजार रोगी दिसतात. ते हजार वेगवेगळे की तेच अडीचशे चार वेळा, हे कळत नाही, आणि ज्याने गोळ्या सोडल्या तो तर कुठेच दिसत नाही. बघायचेच नसेल तर अनुपस्थिती इतकी सोयीची असते.

आता चौथी गोष्ट, उत्तरदायित्व. इथे केरळाकडे एक असा फायदा आहे ज्याची चर्चा फारशी होत नाही, आणि तो साक्षरतेचा नाही, नकाशाचा आहे. केरळात ९४१ ग्रामपंचायती आहेत आणि एकेका पंचायतीत सरासरी पंचवीस-तीस हजार वस्ती असते. प्राथमिक आरोग्य केंद्राचा देशभरचा निकषही सपाट भागात तीस हजार लोकसंख्येचाच आहे. त्यामुळे साधारण एक पंचायत, एक केंद्र असे गणित जुळते. १९९५-९६ मध्ये ही केंद्रे पंचायतींकडे सोपवली गेली आणि १९९६ च्या लोकयोजना मोहिमेने राज्याच्या योजना-खर्चातला ३५ ते ४० टक्के वाटा स्थानिक संस्थांना दिला. मग औषधे कमी पडली, जादा डॉक्टर हवा आहे, इमारतीला मजला चढवायचा आहे, तर निर्णय घेणारे सभागृह आणि केंद्रात येणारे रोगी हे एकाच मतदारयादीतले असतात. महाराष्ट्रात केंद्रे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आहेत, म्हणजे विकेंद्रीकरणात आपण मागे होतो असे नाही, उलट पुढे होतो. पण आपल्याकडे सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आणि अठराशेच्या आसपास प्राथमिक आरोग्य केंद्रे. एका केंद्रामागे पंधरा-सोळा पंचायती. केंद्र ज्या गावात आहे त्या गावाचा सरपंच ते आपले मानतो. बाकीच्या चौदा गावांना ते ‘त्यांच्या गावचे’ वाटते. आणि जिल्हा परिषद इतकी दूर की, तिथपर्यंत तक्रार पोहोचते तीही पुढाऱ्याच्या मार्फत.

याचा अर्थ महाराष्ट्राने पंचायतींचा नकाशा पुन्हा आखावा असा नाही. अर्थ इतकाच की, केरळाचा सरकारी आदेश उचलून आणला म्हणून केरळाची जबाबदेही येत नाही. आपल्याकडे ती घडवायची तर केंद्राच्या कार्यक्षेत्रातल्या सगळ्या गावांना एकत्र बसवणारी जागा लागेल. रुग्ण कल्याण समिती ही अशी जागा होऊ शकते, जर तिच्या हाती खर्चायला खरा निधी असेल आणि तिच्यापुढे दर तीन महिन्यांनी केंद्राचा हिशेब उपकेंद्रवार मांडला जात असेल. कोणत्या गावातले किती रोगी परत आले नाहीत, हे सरपंचांच्या समोर वाचले गेले तर प्रश्न वैद्यकीय राहत नाही, गावाचा होतो. बस बंद झाली म्हणून येत नाहीत की आरोग्यसेविकेचे पद रिकामे आहे म्हणून, हे गावाला जिल्ह्यापेक्षा आधी माहीत असते.

गाव ही जबाबदारी पेलू शकते का, अशी शंका घेणाऱ्यांनी केरळातील परिहारसेवेकडे पाहावे. दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्यांच्या वेदना कमी करण्याचे काम कोळिकोडला १९९३ मध्ये एका संस्थेतून सुरू झाले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक त्यात आले, आणि २००८ मध्ये केरळाने देशातले पहिले परिहारसेवा धोरण जाहीर केले. आज तिथे पंचायतीच्या निधीतून परिचारिका घरोघरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते. रोगी येऊ शकत नाही, म्हणून इथे दुसरी खेप केंद्रच घालते. या सेवेसाठी महागडे यंत्र लागले नाही. लागली ती यादी, वाहन, प्रशिक्षित परिचारिका आणि आपल्या गावातल्या माणसाला कुजत पडू देणार नाही असे म्हणणारे शेजारी.

तरीही मोठा आक्षेप उरतोच: केरळ ते केरळ. शिकलेला समाज, दाट वस्ती, आखाती देशांतून येणारा पैसा. गडचिरोली किंवा नंदुरबारला त्याचे काय? हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. पण त्याचे उत्तर ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा या राज्यात सापडते. १९८७ साली दुष्काळाने पोळलेल्या या गरीब राज्याने दुष्काळी कामे म्हणून हजारो स्थानिक लोकांना, त्यातही मुख्यतः स्त्रियांना, आरोग्यसेवक म्हणून नेमले. दुष्काळ सरल्यावर योजना बंद न करता ती कायम केली. वेतन राज्याने द्यायचे, पण त्यासाठी नगरपालिकेने देखरेख करणारी परिचारिका स्वतःच्या पैशाने नेमायची, अशी अट घातली. निवड राज्याच्या समितीने जाहीर मुलाखतींतून केली आणि निवडणुकीच्या प्रचारात या सेवकांना मज्जाव केला, म्हणजे स्थानिक पुढाऱ्याला आपली माणसे भरायला वाव उरला नाही. सेवकाने ठरावीक घरांना दर महिन्याला भेट द्यायची. १९९३ मध्ये युनिसेफने या कामाचा गौरव केला, १९९४ मध्ये ब्राझीलने देशभर कुटुंब आरोग्य कार्यक्रम हाती घेतला, आणि १९९० ते २००२ या काळाच्या अभ्यासात कार्यक्रमाची व्याप्ती दहा टक्क्यांनी वाढली की बालमृत्यूदर सरासरी साडेचार टक्क्यांनी घटल्याचे दिसले. सिआराकडे ना साक्षरता होती ना श्रीमंती. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून, आणि गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी, अल्पशिक्षित गावकरी बायकांच्या बळावर जे सिद्ध केले तेही हेच. आपल्याला पुराव्याची उणीव कधीच नव्हती. प्रयोग राज्याच्या आस्थापनेत उतरवताना निवड, वेतन आणि देखरेख यांचे नियम ढिले पडले, की प्रयोगाचा जीव जातो.

दुसरा आक्षेप विम्याच्या बाजूने येतो. लोकांना कर्जबाजारी करते ते हृदयाचे ऑपरेशन, बीपीची गोळी नव्हे. मग पैसा विम्यात घालावा. महाराष्ट्राने २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत जीवनदायी योजना सुरू केली आणि आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ती राज्यभर आहे. केंद्राची आयुष्मान योजना २०१८ पासून आहे. या योजनांनी अनेकांची घरे वाचवली यात वाद नाही. पण विमा रोगी दाखल झाल्यावर जागा होतो. गोळी, तपासणी आणि महिन्याची खेप यांचा खर्च त्यात बसत नाही, आणि डायलिसिस किंवा बायपासपर्यंत पोहोचणाऱ्यांपैकी कितीतरी जण वर्षानुवर्षे न मोजलेल्या शुगरमुळे आणि बीपीमुळेच तिथे पोहोचलेले असतात. धरणाची भिंत झिरपत असताना पूरग्रस्तांना भरपाई देणे आवश्यकच, पण त्याला धरणाची दुरुस्ती म्हणता येत नाही. दोन्हींचा पैसा एकाच थैलीतून येतो, म्हणून प्रमाण कोणते हा प्रश्न राजकीय आहे. ऑपरेशनने वाचलेल्या माणसाचा फोटो काढता येतो. न झालेल्या अर्धांगवायूचा काढता येत नाही. लोकप्रतिनिधीला हे पक्के ठाऊक असते.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. केरळात सरकारी ओपीडीकडे येणाऱ्यांचा वाटा गेल्या दशकात वाढला हे राष्ट्रीय नमुना पाहणीवरून दिसते आणि त्याचे श्रेय अनेकदा आर्द्रमला दिले जाते. परंतु ज्या पाहणीत ही वाढ दिसते ती जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातली. तेव्हा अभियान जेमतेम रांगू लागले होते. ती वाढ आधीच्या दशकातल्या औषधपुरवठ्याची, पंचायतींच्या खर्चाची आणि खासगी उपचार महागल्याचीही असू शकते. शिवाय २०१८ मध्ये निपाह आणि महापूर, २०२० मध्ये कोविड असे आघात आले. यंत्रणेची कसोटी लागली, तिने ती बरीचशी निभावलीही, पण सुधारणेचा परिणाम वेगळा काढणे कठीण झाले. म्हणून आर्द्रमने केरळ बदलले असा दावा इथे केलेला नाही. दावा मर्यादित आहे: दीर्घ आजारांना जुळणारी केंद्राची रचना कशी असावी याचे ते आपल्या देशातले सर्वांत पूर्ण चित्र आहे, आणि ते जिथे अडखळले तिथे चारांपैकी एखादी गोष्ट मागे राहिली होती.

ती मागे राहिली याची उदाहरणे लपवण्याचे कारण नाही. केंद्रांची संख्या वाढत गेली तशा वेगाने नवी पदे भरणे राज्याच्या तिजोरीला जड गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर आशा कार्यकर्त्या मानधनासाठी धरणे धरून बसल्या. तेव्हा त्यांना राज्याकडून महिन्याला ७,००० रुपये मानधन मिळत होते. महाराष्ट्रातल्या आशांनीही मुंबईच्या आझाद मैदानात हेच केले आहे. घरोघरी जाऊन ‘गोळ्या संपल्या का’ विचारणारी बाई ही या रचनेतली सर्वांत महत्त्वाची कडी, आणि तिलाच व्यवस्था कर्मचारी मानायला तयार नाही. दुसरी खेप ज्या पायांवर उभी आहे ते पाय असे अनवाणी ठेवून सुधारणा दूर जात नाही. देशपातळीवर २०१८ मध्ये दीड लाख आरोग्यवर्धिनी केंद्रांची घोषणा झाली आणि २०२३ मध्ये त्यांचे नामकरण आयुष्मान आरोग्य मंदिर असे झाले. पाटी बदलायला एक परिपत्रक पुरते. पाटीखालच्या दाराने तोच माणूस बाराव्या महिन्यातही आत येतो का, हे कोणतेही परिपत्रक सांगत नाही.

म्हणून सुधारणेची सुरुवात एका लहान, फुकट आणि अवघड प्रश्नाने करता येईल. तालुक्याच्या मासिक बैठकीत प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याला ओपीडी किती झाली हे आजही विचारले जाते. त्याच्याच जोडीला विचारावे: सहा महिन्यांपूर्वी ज्यांना बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या सुरू केल्या, त्यांच्यापैकी किती जण या महिन्यात आले, आणि जे आले नाहीत त्यांच्या घरी कोण गेले? पहिल्या बैठकीत बहुतेकांकडे उत्तर नसेल. दुसऱ्या बैठकीत काहीजण रजिस्टर घेऊन येतील आणि सांगतील की, गोळ्या दोन आठवडे नव्हत्या, सेविकेचे पद रिकामे आहे, संध्याकाळी दार बंद असते. मग वेळ, माणसे, औषध आणि उत्तरदायित्व यांपैकी त्या केंद्रात काय मागे राहिले आहे हे राजधानीतून ठरवावे लागणार नाही. न आलेल्यांची यादीच ते सांगेल.